धुराच्या नळीची लांबी

पंप कितीही खोलीवरून पाणी ओढू शकत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. खरे म्हणजे पंप पाणी ओढतच नाही. वातावरणाचा दाब ते वर ढकलतो, आणि हा दाब फार तर सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. घर्षण आणि सांध्यांतील गळती जमेस धरली तर व्यवहारात ६ ते ७ मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट, एवढीच मजल. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याने हा नियम पुस्तकात नव्हे, विहिरीवर अनुभवला. बालाघाटाच्या काळ्या खडकात खोदलेल्या विहिरींचे पाणी होळीनंतर झपाट्याने खाली जाते, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर विहिरी अधिकच खोल होत गेल्या. काठावर बसवलेले डिझेल इंजिन मग निरुपयोगी ठरे. उपाय एकच होता. विहिरीच्या भिंतीत खाच घ्यायची, दोन लोखंडी गर्डर आडवे टाकायचे, आणि इंजिन व पंप दोन्ही त्यावर उतरवायचे.

इंजिन खाली गेले की धुराचा प्रश्न उभा राहतो. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली निघाला आणि पुढच्या काही दशकांत एका सिलिंडरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत ओळखीचे झाले. अशा इंजिनाबरोबर येणारी हातभर नळी आणि डब्यासारखा सायलेन्सर हे उघड्यावरच्या कामासाठी असत. विहिरीतल्या इंजिनासाठी फिटरला आपले डोके चालवावे लागे. तो पाण्याच्या पाइपचे तुकडे जोडून वीस-तीस फूट उंच नळी काठापर्यंत आणी आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाली. कारखान्यातून आलेली धुराची वाट काढून आपल्या गरजेची दुसरी बसवणे, हा उद्योग आपल्याकडे मोटारींच्या शौकातून सुरू झालेला नाही. तो जीव वाचवण्याच्या गरजेतून झाला.

ही गरज किती खरी होती, ते वर्गात गणिताने दाखवता येते. सिलिंडरचे घनफळ अर्धा लिटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे धरा. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. हिशोब होतो मिनिटाला ३७५ लिटर, तासाला साडेबावीस घनमीटर. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्यावर दहा मीटर पोकळी असेल, तर तिच्यात सुमारे १९६ घनमीटर हवा मावते. नऊ तासांत त्या विहिरीतील सगळ्या हवेइतकी हवा इंजिनातून जाते. नळीचा सांधा गळत असेल तर तेवढे तास लागतही नाहीत. विहिरीत वारा फिरत नाही, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. डिझेलच्या इंजिनापेक्षा रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या पंपात हा वायू पुष्कळच जास्त निघतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, पण ती ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही एवढेच सांगते. हवेत हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी कंदील खुशाल जळत राहतो, आणि माणूस मात्र तासा-दोन तासांत दगावू शकतो. ग्रामीण शाळेत तरी ही गोष्ट रसायनशास्त्राच्या धड्यात पोटतिडकीने सांगायला हवी.

नळी लांबवली की आणखी एक तक्रार येई: इंजिन दमते. नळीतून वायू ढकलायला पिस्टनला जोर लागतो आणि तेवढी शक्ती पाण्याला मिळत नाही. हुशार फिटर लांब नळीसाठी जाड पाइप निवडतो. त्यामागचा नियम असा, की वायूचा प्रवाह तेवढाच असेल तर नळीतील दाबाची घट लांबीच्या प्रमाणात वाढते, पण व्यास वाढवला की त्याच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते. दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची घेतला, म्हणजे व्यास सव्वापट केला, तर सव्वाचा पाचवा घात सुमारे तीन येतो. तेवढ्याच अडथळ्यात तिप्पट लांबीची नळी चालून जाते.

यावरून कुणालाही वाटेल, की धुराची नळी हा नाइलाज आहे. जितकी आखूड आणि जितकी मोकळी तितकी बरी. पुष्कळ मेकॅनिक आजही असेच मानतात. पण विहिरीतल्या नळीपेक्षाही लांब नळी जाणूनबुजून लावून इंजिन सुधारण्याचा प्रयोग १८९० च्या दशकातच झालेला आहे.

तो करणारा इंग्रज अभियंता जेम्स ॲटकिन्सन. त्याच्या नावाचे इंजिनचक्र आजही अभियांत्रिकीत शिकवतात. मँचेस्टरच्या क्रॉसले ब्रदर्स कंपनीत काम करताना त्याच्यापुढे प्रश्न होता तो जळून गेलेल्या वायूचा. पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते, तिथे जुना धूर शिल्लक राहतो आणि पुढच्या ताज्या मिश्रणात मिसळून त्याची धग कमी करतो. ॲटकिन्सनने इंजिनाला सुमारे ६५ फूट लांबीची धुराची नळी लावली. तेवढ्या लांबीने उरलेला धूर आपोआप बाहेर खेचला गेला. नळी खेचते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण या सगळ्या विषयाचे मर्म तिथे आहे.

झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधील वायू अजून दाबाखाली असतो. तो नळीत एक धक्का पाठवतो. हा धक्का म्हणजे संपीडन, आणि ते नळीतून ध्वनीच्या वेगाने धावते. वायूचे कण मात्र त्यामानाने बरेच सावकाश सरकतात. संपीडन नळीच्या उघड्या टोकाशी पोचले की तिथून विरलन होऊन परत फिरते. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. उघड्या टोकावरून काही परत कसे येईल, असे ते विचारतात. त्यासाठी दहा-बारा मुलांना एका रांगेत उभे करावे आणि प्रत्येकाने पुढच्याचे खांदे घट्ट धरावेत. सर्वांत मागच्या मुलाने हलकेच ढकलले की धक्का पुढे पुढे जातो. पहिल्या मुलापुढे कोणीच नसल्याने तो पुढे झुकतो, आणि त्याचे खांदे धरलेल्या मुलालाही पुढे ओढतो. ती ओढ एकेक करून शेवटच्या मुलापर्यंत मागे येते. गेला तो धक्का, आली ती ओढ. पहिल्या मुलापुढे भिंत असती तर मात्र धक्काच परत आला असता.

ही ओढ झडपेपाशी योग्य क्षणी पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो. मोटारीच्या इंजिनात तर धुराची झडप बंद होण्याआधीच हवेची झडप उघडू लागलेली असते, त्यामुळे त्याच ओढीने ताजी हवाही आत यायला सुरुवात होते. क्षण चुकला तर यातले काही घडत नाही, उलट धूर आत लोटला जातो. म्हणून नळीची लांबी ही वस्तुतः वेळेची मोजणी आहे.

आकडे घालून पाहू. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर धरता येतो. नळी ८५ सेंटिमीटर असेल तर जाऊन-येऊन १.७ मीटर अंतराला ३ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात क्रँक दर मिलिसेकंदाला १८ अंश फिरतो, म्हणजे ओढ परत येईपर्यंत ५४ ते ५६ अंश. ६००० फेऱ्यांना तीच ओढ ११० अंशांनी येते. एकच नळी एका वेगाला मदत करील आणि दुसऱ्याला करणार नाही, हे यावरून उघड आहे. त्या काळची गॅस इंजिने मिनिटाला दीडशे-दोनशे फेरेच घेत. २०० फेऱ्यांना क्रँक मिलिसेकंदाला जेमतेम सव्वा अंश फिरतो. एवढ्या संथ इंजिनाला शंभरेक अंशांनी ओढ मिळायची तर धक्क्याला ८० मिलिसेकंद फिरवून आणावे लागते, आणि त्यासाठी वीस मीटर नळी हवी. वीस मीटर म्हणजे ६५ फूट!

इंजिने वेगवान झाली तशी ही नळी आखूड होत गेली, पण मोटारींच्या आरंभीच्या काळात तिच्या लांबीपेक्षा तिच्या आवाजाचीच चिंता जास्त होती. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि इंजिनाचा आवाज दाबण्यासाठीही तशीच युक्ती वापरली. गंमत अशी, की त्याच सुमारास अनेक मोटारींत पायाने दाबायची एक कळ असे. ती दाबली की धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर पडे आणि मोठा आवाज होई. ताकद वाढते, असे चालवणाऱ्यांना वाटे. ही समजूत आज अंबाजोगाईच्या रस्त्यावर भेटते तेव्हा ती नवी वाटते, पण तिचे वय शंभराच्या वर आहे.

आता अनेक सिलिंडरांच्या इंजिनाकडे येऊ. चार सिलिंडर असले की चौघांचा धूर एका बिडाच्या जाड तुकड्यात गोळा करतात. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो स्वस्त, टिकाऊ, पण आखूड. दर अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे १८० अंशांनी, एकेका सिलिंडरची धुराची झडप उघडते आणि ती साधारण २४० अंश उघडी राहते. म्हणजे एकाची झडप मिटण्याच्या बेतात असते तेव्हा दुसऱ्याचा जोराचा धक्का मॅनिफोल्डमध्ये आलेला असतो, आणि तो पहिल्याच्या उघड्या झडपेतून आत घुसतो. शेजाऱ्याने आपला केर आपल्या दारात लोटावा, तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, सारख्या लांबीची पोलादी नळी द्यायची आणि सगळ्या पुढे एका ठिकाणी आणून जोडायच्या. यालाच हेडर म्हणतात. किंवा १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात १ व ४ यांची एक जोडी आणि २ व ३ यांची दुसरी जोडी करायची, म्हणजे प्रत्येक जोडीतल्या दोन धक्क्यांत पुरा एक फेरा जातो.

हेडरला लोकप्रियता मिळवून दिली ती कॅलिफोर्नियातील तरुणांनी. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन काढले. त्याच्या प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण धुराची दारे तीनच. मधले दोन सिलिंडर एकाच दारातून धूर सोडत. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या फोर्ड गाड्या फुटकळ किमतीला मिळू लागल्या आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावणारी पोरे बिडाचे मॅनिफोल्ड काढून वाकवलेल्या नळ्या वेल्ड करू लागली. त्यातून पुढे हेडर बनवण्याचा मोठा धंदाच उभा राहिला.

तिथल्या पिकअप गाड्यांची एक कथा तर शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडेल. १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक लावावा लागला. पण भारासह ठरवलेले वजन ६००० पौंडांहून जास्त असलेल्या पिकअपना त्यातून सूट होती, कारण त्या कामाच्या गाड्या समजल्या जात. डॉज कंपनीने १९७८ साली ही फट नेमकी पकडली. त्यांनी ६०५० पौंडांच्या वर्गातली एक लाल पिकअप काढली, तिला परिवर्तक दिला नाही, आणि चालकाच्या केबिनमागे दोन चकचकीत उभी धुराडी लावली. दिसायला आपल्या उसाच्या ट्रॅक्टरची श्रीमंत बहीणच! एका मोटार मासिकाच्या चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठायला अमेरिकन गाड्यांत तिलाच सर्वांत कमी वेळ लागला. पुढच्याच वर्षी सूट संपली आणि तिलाही परिवर्तक बसला.

आपल्याकडे धुराच्या नळीचे खरे विज्ञान घरोघर पोचले ते मात्र दोन फटक्यांच्या मोटारसायकलीतून. या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील दारे पिस्टनच उघडतो आणि झाकतो. धुराचे दार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते, त्यामुळे त्यातले काही सरळ नळीत निसटते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन याने १९५० च्या दशकात नळीला पोट दिले. धूर आधी रुंदावत जाणाऱ्या शंकूत शिरतो, तिथून ओढ परत येते आणि सिलिंडर साफ होतो. पुढे नळी निमुळती होते, तिथून, रांगेतल्या मुलांपुढच्या भिंतीप्रमाणे, धक्का परत येतो आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. १९६१ पर्यंत १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून त्याने २५ अश्वशक्ती मिळवली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीला मिळाली. १९६२ ची ५० घनसेंटिमीटर गटाची जगज्जेती सुझुकी त्यानेच चालवली.

भारतात १९८५ पासून १९९६ पर्यंत बनलेली यामाहा आरएक्स १०० ही याच घराण्यातली. इंजिन ९८ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती ११ अश्वशक्ती. तिच्या सायलेन्सरच्या शेवटी जी भोकांची आतली नळी असते तिला आपले मेकॅनिक पुंगळी म्हणतात. ती काढता येण्याजोगी ठेवली होती, कारण इंधनातले तेल जळून तिच्यावर काजळी साचते आणि ती वेळोवेळी साफ करावी लागते. साफ करायला काढलेली पुंगळी परत न बसवणे, इथून पुढचा इतिहास सुरू होतो. पुंगळी काढली की आवाज वाढतो, पण नळीच्या पोटातून परत येणाऱ्या तरंगांचा ठरलेला मेळही बिघडतो आणि पुष्कळदा खालच्या वेगातला जोर जातो. कान सांगतो गाडी पळते आहे, चढावर गियर सांगतो की नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवणे हा त्याचाच पुढचा अवतार. चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटते, एवढेच त्या फटाक्याचे रहस्य आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड ठरला. १७५ घनसेंटिमीटरवरील मोटारसायकलीसाठी २००३ पासून निर्मितीच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलची पट्टी लॉगरिथमची असल्याने ९० म्हणजे दहापट तीव्रता आणि १०० म्हणजे शंभरपट. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले. त्याने छायाचित्र चांगले मिळते; पण ज्या मुलाने तीन-चार हजार रुपये मोजून तो बसवला, त्याला ताकद का वाढली नाही हे कुणी सांगितलेले नसते.

राहिली आपल्याकडची पिकअप. बालाघाटातील सीताफळे, कांदा, दुधाचे कॅन, बाजाराची शेळ्या-मेंढरे वाहणारी ही गाडी चार सिलिंडरांच्या टर्बो डिझेलवर चालते. तिला हेडर बसवावे काय, असे दहावी-बारावीची मुलेही विचारतात, कारण चित्रफितींत त्यांनी परदेशी पिकअप पाहिलेल्या असतात. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी याची, पेटंट १९०५ चे. धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते, मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. या चक्राला हवा असतो तापलेला, दाबातला धूर. म्हणून इथले मॅनिफोल्ड मुद्दाम आखूड आणि जाड बिडाचे असते. तिथे लांब पातळ नळ्या लावल्या तर वाटेतच उष्णता उडून जाते आणि चक्र जोर धरायला वेळ घेते. ज्या ओढीसाठी हेडरचा खटाटोप, तिचे काम टर्बोने आधीच दुसऱ्या मार्गाने केलेले आहे.

शिवाय बसवणेही सोपे नाही. तापून-निवून गंजलेले स्टड खोलताना सिलिंडर हेडमध्येच तुटतात, आणि मग ते ड्रिलने काढावे लागतात. नव्या नळीची पट्टी रेसभर वाकडी असली तरी गास्केट जळते आणि धूर बॉनेटमध्ये येतो. केबिनमध्ये झोपलेल्या क्लीनरच्या दृष्टीने ही विहिरीतल्या गळक्या सांध्याचीच गोष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दाब व तापमान मोजणारे संवेदक असतात. कुणी ती गाळणी काढून सरळ पाइप टाकला, तर संगणकाला अपेक्षित आकडे मिळत नाहीत. तो डॅशबोर्डावर पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाला इंधन कमी देऊ लागतो. मग भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गियरवर येते.